भडंगाची पुडी आणि रांगेतली वही

तिकीट रद्द केलं असतं तर पैसे परत मिळाले नसते, म्हणून मी श्रीलंकेला गेले. उगाच मोठं कारण सांगत नाही. धाकटी बहीण कोलंबोत असते, तिचे यजमान तिथल्या एका कपड्यांच्या कारखान्यात आहेत. २०२२ च्या जानेवारीत स्वस्तात मिळालं म्हणून जूनचं तिकीट काढून ठेवलं होतं. १२ एप्रिलला त्या देशानं बाहेरची कर्जं फेडणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि बहिणीचा फोन आला, "ताई, येऊ नको म्हणत नाही. पण येताना दूध पावडर आण." मेमध्ये मेणबत्त्या वाढल्या. जूनमध्ये तापाच्या गोळ्या, सासूबाईंच्या बीपीच्या तीन महिन्यांच्या गोळ्या आणि गॅसचा लायटर नको, काड्यापेट्या आण, असं.

माझी बॅग म्हणजे अर्धं किराणा दुकान झालं होतं. वर तीन किलो भडंग. सांगलीचा माणूस परदेशी निघाला आणि भडंग न्यायला विसरला, असं आमच्या गल्लीत अजून झालेलं नाही.

पहिल्या संध्याकाळी कोलंबोतल्या वेल्लवत्त भागात बहिणीच्या गॅलरीत उभी राहिले तेव्हा गॉल रोड काळोखात होता आणि त्या काळोखात गाड्यांची एक रांग होती. वाहतूक अडली असेल असं वाटलं. भावजी म्हणाले, "नाही, ही पंपाची रांग आहे. पंप इथून दीड किलोमीटर." गाड्यांत माणसं झोपली होती. एकानं रिक्षाच्या दांडीवर शर्ट वाळत घातला होता.

मी बँकेत नोकरी करते, त्यामुळे आधी आकडे दिसतात. २६ जूनला तिथं पेट्रोलचा लिटरचा दर ४७० झाला. आपल्या रुपयात केला तर साधारण शंभर! त्याच आठवड्यात सांगलीत आपण त्याहून जास्त देत होतो. म्हणजे भाव ही अडचणच नव्हती, निदान माझ्यासारखीला. पेट्रोलच नव्हतं. आणि तिथं पगार घेणाऱ्याचं दुखणं आणखी वेगळं. वर्षाच्या सुरुवातीला दोनशे रुपयांना मिळणारा डॉलर तोवर साडेतीनशेच्या पुढं गेला होता. पासबुकातला आकडा तोच, किंमत जवळपास अर्धी. मी काउंटरच्या या बाजूला बसून लोकांना "तुमचे पैसे सुरक्षित आहेत" असं किती वेळा म्हटलं असेल, ते त्या रात्री मोजत बसले.

हे असं कसं झालं, ते भावजींनी गॅलरीत मेणबत्तीच्या उजेडात सांगितलं. २०१९ मध्ये कर कमी केले, तिजोरीत येणं घटलं. त्याच वर्षी ईस्टरला बॉम्बस्फोट झाले, पर्यटक पळाले. मग करोना आला, उरलेले पर्यटकही गेले. आणि एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भात झोपलं, चहा झोपला. आमच्या कृष्णाकाठच्या ऊसवाल्याला "उद्यापासून युरियाचं पोतं नाही" म्हटलं तर काय होईल, एवढंच मी डोळ्यांसमोर आणलं. सरकारी नोकरांना शुक्रवारची सुट्टी दिली होती, कशाला, तर परसात भाजी लावायला. भावजी हसून सांगत होते. बहीण हसत नव्हती. तिच्या गॅलरीत कुंड्यांतली गुलाबं जाऊन मिरच्या आल्या होत्या आणि कोपऱ्यात तीन विटांची चूल. चौथ्या मजल्यावर, फ्लॅटमध्ये. एम.कॉम. झालेली माझी बहीण फुंकणी मारत होती.

मधले दोन दिवस कँडीला गेले. बुद्धाचा दात जपलेलं दंतमंदिर पाहिलं, गर्दीत उभ्यानं रेल्वेचा प्रवास केला, हॉटेलात जेवायला आम्ही तिघंच होतो. एवढंच.

आता रांगेचं सांगते, कारण खरं तर त्यासाठीच लिहायला बसलेय.

विमानतळ तिथून पस्तीस-चाळीस किलोमीटर. मला सोडायला गाडीत पेट्रोल हवं म्हणून भावजींनी गाडी रांगेत लावली. ते सायकलनं कारखान्यात जायचे, तेव्हा गाडीत कुणीतरी बसायला हवं. बहिणीनं सकाळ केली. मी म्हटलं, दुपार माझी. मला वाटलं, पुस्तक वाचत बसू. गाडीत एवढं उकडत होतं की दहा मिनिटांत बाहेर आले.

आमच्या पुढं एक रिक्षा होती. रिक्षावाला चाळिशीचा असेल, तिसरा दिवस त्याचा रांगेत. त्यानं मला "अक्का" म्हणून हाक मारली आणि मी दचकलेच. आमच्याकडं मिरजेच्या पलीकडं गेलं की थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, माझ्या आजोळी मला अक्काच म्हणायचे. कोलंबोच्या फुटपाथवर ती हाक येईल असं वाटलं नव्हतं. त्यानं थर्मासमधून कोरा चहा ओतून दिला आणि तळहातावर गुळाचा खडा ठेवला. गूळ दातात धरायचा आणि वरून चहा प्यायचा. साखर महाग, दूध पावडर मिळत नाही, म्हणून हे असं. मी नको म्हणणार होते. बहिणीनं नंतर सांगितलं, नाही म्हटली असतीस तर वाईट वाटलं असतं त्याला.

चार गाड्या पुढं एक निवृत्त शाळामास्तर होते. त्यांच्याकडं वही होती. रांगेतल्या प्रत्येकाचं नाव, गाडीचा नंबर, कधीपासून उभे आहेत ते. कुणी घरी अंघोळीला गेलं, कुणी आईला दवाखान्यात न्यायला गेलं, तर मास्तर वहीत खूण करायचे आणि त्याची जागा जायची नाही. पोलिसानं सांगितलेलं नव्हतं, सरकारनं नव्हतं. वहीतलं मान्य करायचे सगळे. भांडणं होत नव्हती असं नाही, एक मोठी काळी गाडी मध्ये घुसू पाहत होती आणि तिच्याभोवती काय गलका झाला! पण वही उघडली आणि गाडी मागं गेली. वहीची पानं समासापर्यंत भरलेली, आडवं लिहून झाल्यावर त्यावर उभं लिहिलेलं. मार्च महिन्यात कागद नाही म्हणून तिथल्या शाळांच्या परीक्षा पुढं ढकलल्या होत्या, हे मी सांगलीत वर्तमानपत्रात वाचलं होतं. वाचून पान उलटलं होतं. ती वही बघितल्यावर ते कळलं.

दुपारी रिक्षावाल्याची बायको चालत आली. केळीच्या पानात भात आणि त्यावर खोबऱ्याची लाल चटणी, पोल सांबोल म्हणतात तिला. दोन मुलगे बरोबर. तिनं नवऱ्यापुढं पान उघडलं आणि आपण दुसरीकडं तोंड करून बसली. तो जेवणाचं विचारत होता, ती मान हलवत होती की झालं माझं. बाई झाल्यावर हे "झालं माझं" ओळखता येतं. आमच्या सासूबाई बहात्तरच्या दुष्काळाचं सांगताना हेच शब्द वापरतात. खडी फोडायला जायच्या, बाहेरून आलेल्या मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी, आणि त्यांची आई रोज रात्री म्हणायची, माझं झालं.

मी गाडीतून भडंगाची पिशवी काढली. आता इथं मी फार उदार वाटेन, म्हणून सांगून टाकते: पहिला विचार आला तो असा की एकाला दिलं तर सगळे मागतील. खरंच आला. रिक्षावाल्यानं पिशवी घेतली, वास घेतला, लसूण ओळखला आणि सरळ मास्तरांकडं गेला. मास्तरांनी वही उघडली. वहीच्या क्रमानं, एकेका नावाला एक मूठ. मी ते बघत उभी. कुणी जुन्या कागदात घेतलं, कुणी रुमालात. एका म्हाताऱ्यानं शेंगदाणे बाजूला काढून खिशात टाकले. बऱ्याच जणांनी खाल्लंच नाही, पुडी बांधून ठेवली, घरी न्यायला. आणि शेवटी मास्तर माझ्याकडं आले, वहीत आमच्या गाडीवर बोट ठेवलं आणि माझीच मूठभर भडंग माझ्या हातात दिली. माझाही नंबर होता ना.

त्या दिवशी सैनिक येऊन टोकन वाटून गेले. आणि संध्याकाळी, २७ जूनला, जाहीर झालं की मध्यरात्रीपासून अत्यावश्यक सेवांखेरीज कुणालाही इंधन मिळणार नाही, १० जुलैपर्यंत. रांग लगेच मोडली नाही. लोक तसेच बसून राहिले, मला तेच सगळ्यात भयंकर वाटलं. मास्तरांनी वही मिटून शर्टाच्या आत ठेवली.

मी बसनं, उभ्यानं, बॅग पोटाशी धरून विमानतळावर गेले.

९ जुलैला सांगलीत टीव्हीवर त्यांच्या राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यातल्या तलावात लोक पोहताना दिसले. चारच दिवसांनी ते महाशय देश सोडून गेले. सासूबाई म्हणाल्या, "तुझा रिक्षावाला दिसतोय का बघ." आमचे हे म्हणाले, आपल्याकडं असं होणार नाही. मी काही बोलले नाही, पण २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हाही आम्ही गावभागात आदल्या रात्रीपर्यंत हेच म्हणत होतो. ४० फूट इशारा, ४५ धोका, हे सांगलीत पोराटोरांना पाठ असतं आणि तरी. तीन दिवस वरच्या मजल्यावर सातजण होतो. चहूकडं पाणी आणि प्यायला पाणी नाही. ज्या मिरजेतून २०१६ साली रेल्वेनं लातूरला पाणी गेलं, तिच्या शेजारच्या गावात आम्ही पावसाचं पाणी चादरीतून गाळत होतो. एटीएम बुडालेलं, फोन बंद, पुणे-बंगळूर रस्ता बंद. मग पाणी ओसरलं, गाळ उपसला आणि विसरलो. २०२१ ला पुन्हा आलं, पुन्हा विसरलो. पूर आठवड्यात ओसरतो, म्हणून विसरायला सोपा जातो. वेल्लवत्तच्या रांगेत कुणालाच माहीत नव्हतं की हे पाणी कधी उतरणार.

आल्यावर मी तयारीला लागले आणि पार वेडी झाले, हे कबूल करते. महिन्याची औषधं, दोन बॅटऱ्या, ट्रान्झिस्टर, तुरटी, शिट्टी, दोर, दहा-वीसच्या नोटांची गड्डी, कागदपत्रांच्या प्रती प्लास्टिकमध्ये. लोखंडी चूल. आणि पाच लिटर पेट्रोल, कॅनमध्ये, जिन्याखाली. ह्यांना वास आला तेव्हा जे भांडण झालं ते लिहिण्यासारखं नाही. त्यांचंच बरोबर होतं, देवघराच्या समईपासून चार फुटांवर मी ते ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी स्कूटरमध्ये ओतलं.

सासूबाईंना माझी पेटी बघून हसू आलं. त्यांचं माहेर हरिपूरचं. तिथं हळद जमिनीखाली पेवात ठेवायचे, वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी वारं लागू द्यायचं, नाहीतर माणूस गुदमरतो. "पेव एकट्यानं उघडता येत नाही," त्या म्हणाल्या, "वर चार माणसं लागतात. तुझ्या पेटीला कोण आहे वर?" २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं पाणी शिरून गेली, आता जागा दाखवायलाही कुणी नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

म्हणून शंभर पानी वही आणली. गल्लीतली बत्तीस घरं. कुठं डायलिसिसचा पेशंट आहे, कुणाला जिना उतरता येत नाही, कुणाची जीप आहे, कुणाच्या गच्चीवर पत्रा आहे, कुणाला पोहता येतं. लोकांनी काय काय ऐकवलं! एकजण म्हणाले, बँकेची नवीन स्कीम दिसतेय. समोरच्या काकूंनी तर दारच लावून घेतलं, "आमच्या घरात कोण आजारी आहे ते तुम्हाला कशाला हवं?" मला राग आला होता. आता वाटतं, मास्तरांची वही रांग लागल्यावर निघाली होती. मी रांग लागायच्या आधी फिरत होते. कोण उघडेल दार?

२०२४ च्या जुलैअखेरीस पाणी चाळिशीला टेकलं. दोन रात्री झोप नव्हती. मी पेटी माळ्यावरून काढली तर बॅटरीतले सेल पाझरलेले, काड्यापेट्या सादळलेल्या, भडंगाच्या पिशवीत उंदीर येऊन गेलेला. दोर मात्र चांगला होता. गल्लीत पाणी आलं नाही, उतरायला लागलं, लोक पुलावर जाऊन सेल्फी काढून आले.

त्याच संध्याकाळी समोरच्या काकू आल्या. चपला बाहेर काढून दारातच उभ्या राहिल्या.

"ती तुमची वही आहे का अजून?"

आहे म्हटलं.

"आमच्या सुनेचं लिहा. आठवा लागलाय. आणि मुलगा नसतो इथं, पुण्याला असतो, त्याचा नंबर घाला."

त्यांच्या घराच्या पानावर मी मागं रागानं रेघ मारून बाकी घरांचं लिहून टाकलं होतं, जागा नव्हती. समासात उभं लिहिलं. काकू चष्मा लावून खात्री करून गेल्या.