बाबांची भजनं डी मध्येच पाहिजेत

कॉम्प्युटर दारव्ह्याहून दुरुस्त होऊन आला, शेजाऱ्याच्या ऑटोत, युरियाच्या पोत्यांवर बसून. विंडोज 7 नव्यानं टाकलं होतं. माझा डेस्कटॉपही दुकानातल्या पोरानं जपून जसाच्या तसा परत ठेवला होता. तरी बाबांनी रोजच्यासारखं भजनांच्या प्लेलिस्टवर दोनदा क्लिक केलं, तर चिडीचूप.

"माहे भजनं कोठी गेले रे?"

भजनं म्हणजे आमच्याच मंडळाची, खंजिरीवरची, मी मोबाईलवर रेकॉर्ड केलेली. त्यातले दोन गळे आता नाहीत.

प्लेलिस्ट नोटपॅडमध्ये उघडली. प्रत्येक ओळ डी पासून सुरू, म्हणजे डी ड्राइव्हचा पत्ता. आणि इथं डी होऊन बसला होता डीव्हीडी ड्राइव्ह! भजनांचा डी झाला ई, सातबारा आणि लग्नाचे फोटो होते तो ई झाला एफ. वरून दोघांचंही नाव ‘न्यू व्हॉल्यूम’. माल जागच्या जागी, पत्ताच चुकलेला.

कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मॅनेज, डिस्क मॅनेजमेंट. ई ला डी करायला गेलो तर यादीत डी नाहीच. पांधणीत समोरासमोर बैलबंड्या आल्या की एकीला आधी कोणाच्या तरी वावरात घालावी लागते, तसंच हे. आधी डीव्हीडीला झेड दिला. डी मोकळा झाला. मग ई चा डी, आणि शेवटी एफ चा ई. दरवेळी विंडोज दटावतं की या अक्षरावर चालणारे प्रोग्राम बंद पडू शकतात. आमचे तर आधीच बंद होते, दाबलं येस. सी वर खुद्द विंडोज बसलेलं, त्याला मात्र हात लावायचा नाही, विंडोज लावूही देत नाही.

नावाचं काम सोपं, ड्राइव्हवर एफ 2 दाबा आणि लिहा. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीत, नावाला 32 अक्षरांपर्यंत जागा असते, मराठीही चालतं. एकाला ‘भजन’, दुसऱ्याला ‘कागदपत्र’. नाव कितीदाही बदला, प्लेलिस्टला फरक पडत नाही. ती फक्त अक्षर पाहते.

खंजिरी वाजली. बाबा स्क्रीनकडे पाहत म्हणाले, "सी, डी, ई... मंग ए न् बी कोणं नेले?"

फ्लॉपीसाठी राखून ठेवले होते, म्हटलं.

"ते कोठी हाय?"

माळ्यावरच्या डब्यात चार निघाल्या. आता त्या त्यांच्या चष्म्याच्या घराशेजारी ठेवल्या आहेत.