शेवटचा कामाचा दिवस

नोव्हेंबर २०२० मधील एका संध्याकाळी भोसरीतील आमच्या कामगार संघटनेच्या कार्यालयात एक वेल्डर आला. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात पगारस्लिपा, आधारकार्ड, बँकेचे पासबुक आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) ओळखपत्र. सप्टेंबरअखेर त्याला तोंडी सांगण्यात आले होते, "उद्यापासून येऊ नका, काम आले की बोलावू." पत्र दिले नाही, हिशेब दिला नाही. महिनाभर वाट पाहून त्याने बेकारी भत्त्यासाठी अर्ज केला होता आणि तो परत आला होता. आम्ही त्याची ऑनलाइन नोंद उघडली, तेव्हा त्याच्या नावापुढे एक तारीख आणि दोन शब्द दिसले: नोकरी सोडली.

त्याने नोकरी सोडलेली नव्हती. पण संगणकावर जे लिहिले होते त्यालाच वजन होते. टूलरूममधून निवृत्त झाल्यावर मी संघटनेचे कागदपत्र सांभाळण्याचे काम घेतले होते आणि मागण्यांचे मसुदे, करारांच्या प्रती, कामगार आयुक्तांकडील तारखा हेच माझे विश्व होते. त्या संध्याकाळपासून पुढचे सात-आठ महिने मी जवळजवळ रोज लोकांचे भत्त्याचे अर्ज भरत बसलो. त्या काळात जे शिकलो ते इतर संघटनांच्या कार्यकर्त्यांना उपयोगी पडावे, म्हणून लिहीत आहे.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. आरंभी तिच्यात सरासरी दैनिक कमाईच्या २५ टक्के इतकी मदत, जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच, अशी तरतूद होती. कोविडच्या टाळेबंदीत लाखो हात रिकामे झाल्यावर ऑगस्ट २०२० मध्ये महामंडळाने हे प्रमाण ५० टक्के केले आणि ते २४ मार्च २०२० पासून लागू केले. भत्ता मिळण्यासाठी पूर्वी काम सुटल्यावर ९० दिवस थांबावे लागे, ते ३० दिवसांवर आणले आणि अर्ज मालकामार्फत न जाता कामगाराने थेट शाखा कार्यालयात द्यावा, अशी सोय केली. ही शेवटची सुधारणा मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ज्याने कामावरून काढले त्याच्याच सहीसाठी त्याच्याच दारात उभे राहण्याची वेळ टळली. वीस रुपयांच्या मुद्रांकावरील प्रतिज्ञापत्राची अटही नोव्हेंबर २०२० मध्ये गेली. पुढे योजनेची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली. मी येथे देत आहे ते नियम २०२०-२१ मधील आहेत, त्यामुळे आज अर्ज करणाऱ्याने चालू दर आणि अटी शाखा कार्यालयात विचारून घ्याव्यात.

अर्ज भरण्यापूर्वी पहिला प्रश्न असतो की, माणसाचे नेमके काय झाले आहे. आपल्याकडे सगळ्यालाच "कंपनीने बसवले" म्हणतात. कायद्यात मात्र ले-ऑफ म्हणजे तात्पुरते काम न देणे. त्यात कामगार हजेरीपटावर राहतो आणि तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार पात्र कामगाराला मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मालकाकडून मिळत असे. कामगार कपात म्हणजे नोकरीच संपणे. त्यासाठी किमान एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार देणे बंधनकारक होते. कारखाना कायमचा बंद झाला असेल किंवा रीतसर कपात झाली असेल, तर अटल योजनेच्या आधी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत बसते का, हे पाहावे. २००५ पासूनच्या या योजनेत पहिले बारा महिने ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के भत्ता आहे. नव्वद दिवस कुठे आणि दोन वर्षे कुठे! संप बेकायदा ठरला असेल, मालकाने टाळेबंदी (लॉकआउट) जाहीर केली असेल, शिस्तभंगाखाली काढले असेल किंवा माणसाने स्वेच्छेने नोकरी सोडली असेल, तर मात्र अटल योजनेचा लाभ नाही. म्हणूनच गेटवर कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका, असे आम्ही प्रत्येकाला बजावत असू. चार हजार रुपये हातावर ठेवून लिहून घेतलेला राजीनामा भत्त्याच्या वाटेत किती मोठा धोंडा ठरतो, हे सही करतेवेळी कोणाच्याच लक्षात येत नाही.

आमच्या संघटनेला या काळात एक गोष्ट फार लागली. ईएसआयची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये होती. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात चांगला वेतनकरार झाला की कायम कामगार ही मर्यादा ओलांडतो आणि चालू अंशदान कालावधी (विम्याची वर्गणी मोजण्याचा सहा महिन्यांचा काळ) संपला की विम्याबाहेर जातो. आम्ही करार केले, गुलाल उधळला, पेढे वाटले, आणि त्याच करारांमुळे आमचे बहुतेक जुने सभासद या भत्त्यासाठी अपात्र ठरले. उरले ते नवे भरती झालेले आणि ठेकेदारांचे कामगार, ज्यांच्यापैकी अनेकांना आम्ही सभासदच करून घेतले नव्हते. तरीही ते आमच्याकडे आले. त्यांना परत पाठवायचे नाही, असा ठराव कार्यकारिणीने एका बैठकीत केला आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

पात्रतेचे गणित ७८ या आकड्याभोवती फिरते. ईएसआयचे वर्ष दोन कालावधींत विभागलेले आहे: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी हवी, बेकारीच्या लगेच आधीच्या कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान हवे आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी एकात तरी तितकेच हवे. साधारण वर्षात हे सहज जमते. पण ज्याचे काम ऑक्टोबर २०२० मध्ये गेले, त्याचा आधीचा कालावधी एप्रिल ते सप्टेंबर २०२० हा येत होता. एप्रिल-मे कारखाना बंद, जूनपासून आठवड्यात तीनच दिवस बोलावणे. ज्या मालकांनी बंद काळातील पगार देऊन त्यावर अंशदान भरले, त्यांच्या कामगारांचे दिवस भरले. ज्यांनी शून्य हजेरी दाखवली, त्यांच्या कामगारांपैकी कित्येकांचे दिवस साठ-सत्तरवर अडकले. एका तरुणाचे ७६ दिवस भरत होते. त्याच्या पगारस्लिपा आणि ऑनलाइन नोंद शेजारी ठेवून आम्ही दिवस मोजले, तेव्हा ऑगस्टमधील चार भरपगारी दिवस नोंदीत आलेच नव्हते असे आढळले. स्लिप जपून ठेवली होती म्हणून तो वाचला.

रक्कम किती मिळणार, हे आधीच सांगणे मला आवश्यक वाटे, कारण लोक निम्मा पगार मिळेल या समजुतीने येत आणि नंतर खचत. चार कालावधींतील एकूण कमाईला ७३० ने (दोन वर्षांच्या दिवसांनी) भागायचे आणि त्याच्या निम्मे घ्यायचे. महिना १५,००० प्रमाणे चोवीस महिने अखंड पगार असेल, तर कमाई ३,६०,०००, दिवसाची सरासरी ४९३ रुपये, त्याचे निम्मे २४६ रुपये ५८ पैसे आणि नव्वद दिवसांचे सुमारे २२,१९० रुपये होतात. तीन महिने पगारच मिळाला नसेल तर कमाई ३,१५,००० वर येते, भाजक मात्र ७३० च राहतो आणि हातात सुमारे १९,४२० रुपये पडतात. ज्याचे टाळेबंदीने आधीच नुकसान केले, त्याचा भत्ताही त्याच टाळेबंदीने कमी केला. हा नियम बदलावा, असे माझे ठाम मत आहे.

कागदपत्रांत सर्वांत जास्त वेळ नावांनी घेतला. आपल्याकडे कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी वडिलांचे नाव गाळतो. आधारवर एक स्पेलिंग, पासबुकावर दुसरे, विम्याच्या नोंदीत तिसरेच. देना आणि विजया या बँकांचे विलीनीकरण झाल्याने तेथील जुने आयएफएससी क्रमांक १ मार्च २०२१ पासून बंद झाले, त्यामुळे जुन्या पासबुकाची झेरॉक्स घेऊन येणाऱ्यांना आम्ही आधी बँकेत पाठवत असू. पण खरी डोकेदुखी होती ती दोन-दोन विमा क्रमांकांची. ठेकेदार बदलला की नव्या ठेकेदाराने नवा क्रमांक काढलेला, आणि मग पाच वर्षे एकाच शेडमध्ये राबलेल्या माणसाची सेवा कागदावर दीड वर्षाची दिसे. क्रमांक एकत्र करून घेतल्याशिवाय अशा माणसाचा अर्ज पाठवूच नये, हे दोन अर्ज वाया गेल्यानंतर आम्हाला कळले.

अर्ज मंजूर होणे म्हणजे काम संपणे नव्हे. भत्ता झालेल्या बेकारीचा मिळतो, होणाऱ्या बेकारीचा नाही. नव्वद दिवस एकदम मागता येतात किंवा किमान एकेका महिन्याच्या हप्त्यांत, पण प्रत्येक वेळी तो काळ सरल्यानंतरच. ज्यांच्या घरात दुसरी कमाई होती ते तीन महिने थांबले. बहुतेकांना थांबणे परवडणारे नव्हते, म्हणून आम्ही भिंतीवरील कॅलेंडरवर प्रत्येकाच्या तीस, साठ आणि नव्वद दिवसांच्या तारखांवर त्याच्या नावाची आद्याक्षरे लिहून ठेवली आणि आदल्या दिवशी फोन करू लागलो. मधेच नवी नोकरी लागली तर बेकारी सुरू झाल्यापासून नव्या नोकरीपर्यंतच्याच दिवसांचा भत्ता मिळतो. एकाला सत्तेचाळिसाव्या दिवशी चाकणला काम लागले आणि त्याने दबक्या आवाजात विचारले, "साहेब, हे सांगावेच लागेल का?" त्याचे दोन महिन्यांचे घरभाडे थकलेले मला माहीत होते. तरी मी सांगितले की, नव्या मालकाने अंशदान भरताच ती तारीख नोंदीत येणार आहे, खोटा दावा हा विमा कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तुझ्या एका खोट्या दाव्यामुळे आपल्या कार्यालयातून जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक अर्जाकडे संशयाने पाहिले जाईल. त्याने खरी तारीख लिहिली. भाड्यासाठी आम्ही संघटनेच्या निधीतून उसने दिले आणि त्याने ते दिवाळीपूर्वी फेडले.

त्या वेल्डरच्या प्रकरणात आम्ही आधी मालकाला पत्र दिले. दरमहा अंशदान भरताना ज्याची हजेरी शून्य असते त्याच्यापुढे कारण निवडावे लागते: रजा, नोकरी सोडली, निवृत्त, संप किंवा लॉकआउट, कामगार कपात, काम नाही. पगार विभागातील कोणीतरी हाताला आलेले कारण निवडले होते, आणि ते जाणूनबुजून केले होते की घाईत, याची चौकशी करण्यात आम्ही वेळ घालवला नाही. पोच घेऊन दिलेली दोन पत्रे, शेवटच्या महिन्याची पगारस्लिप आणि त्याच्याबरोबर काढलेल्या इतर सहा जणांचे सह्यांचे निवेदन, एवढ्यावर नोंद दुरुस्त झाली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या खात्यात पैसे जमा झाले. त्या दिवशी तो पासबुक भरून घेऊन आला आणि ती ओळ त्याने मला दाखवली.

तेव्हापासून दर महिन्याच्या सोळा तारखेला, म्हणजे अंशदान भरण्याच्या मुदतीच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही सभासदांना आपापली नोंद मोबाइलवर उघडून दिवस तपासायला सांगतो. ज्यांना जमत नाही ते संध्याकाळी सहानंतर कार्यालयात येतात.