तुम्ही विचारलंत म्हणून: ‘हे शिकलात कशावर?’

गेल्या महिन्यात ओपीडीत एक काकू आल्या होत्या. गर्भपिशवीला मोठी गाठ, वर्षभर अंगावरून जातंय, हिमोग्लोबिन आठवर आलेलं. सोबत सून. आधी रक्त वाढवू, मग दुर्बिणीनं पिशवी काढू, असं ठरलं. मी कागदावर पोट काढलं, चार ठिपके मारले. बेंबीतून कॅमेरा जाईल, बाकीच्या तीन ठिकाणांहून हत्यारं, असं समजावलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही माझ्या पोटाकडं बघणारच नाही, टीव्हीकडं बघणार. मग हे शिकलात कशावर? पहिली बाई कोण होती?”

सून कानकोंडी झाली. “आई, असं विचारतात का?”

विचारतात. पेशंट विचारतात, त्यांचे नवरे विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली मावशीही विचारते. आणि विचारायलाच हवं. ओपीडीच्या घाईत अर्धंच उत्तर दिलं जातं, म्हणून आज पूर्ण देते.

सुरुवात एका खोक्यापासून झाली. या शस्त्रक्रियांचा पाया घालणाऱ्यांपैकी एक म्हणजे जर्मनीतल्या कील गावचे स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम. १९८० साली त्यांनी दुर्बिणीनं अपेंडिक्स काढलं, तेव्हा तिथले सर्जन त्यांच्यावर उखडले होते. पोटात वायू मोजून सोडणारं यंत्र त्यांनी बनवलं, आणि हात बसवण्यासाठी एक खोकंही, पेल्व्हीट्रेनर. माझं खोकं मात्र हॉस्टेलच्या खोलीत तयार झालं. प्लास्टिकचा डबा, झाकणाला दोन भोकं, आत वेबकॅम, तो जुन्या लॅपटॉपला जोडलेला. ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, सिस्टरनी बाद झालेले दोन ग्रास्पर (लांब दांडीचे चिमटे) दिले होते. काम एवढंच, एका वाटीतले राजमे दुसऱ्या वाटीत टाकायचे, पडद्याकडे बघून.

पहिल्या रात्री दहा राजम्यांना वीस मिनिटं लागली, चार खाली पडले. पोटाच्या भिंतीतून हत्यार आत गेलं की ते वल्ह्यासारखं चालतं. मूठ डावीकडं नेली की टोक उजवीकडं जातं, मूठ वर केली की टोक खाली. वर पडदा सपाट. राजमा जवळ आहे की लांब, ते डोळ्याला कळत नाही, सावलीवरून आणि स्पर्शावरून ताडावं लागतं. स्पर्शही लांबलचक दांडीतून येणारा, बोथट. मग द्राक्षाची साल सोलायची, फोमच्या तुकड्यावर टाका घालून आतल्या आत गाठ मारायची. ती गाठ मला दोन महिने छळत होती. दोरा डाव्या हत्याराभोवती गुंडाळला की निसटायचा. एका पहाटे तीन गाठी लागोपाठ बसल्या, तेव्हा रूममेटला झोपेतून उठवून दाखवल्या होत्या.

खोक्यानंतर ओटी. पण तिथं हत्यार मिळत नाही, कॅमेरा मिळतो. पाऊण वर्ष मी सरांच्या बाजूला उभं राहून फक्त कॅमेरा धरला. हे कमी दर्जाचं काम वाटतं, तसं नाही. सर्जनचे डोळे तुमच्या हातात असतात. कॅमेरा जरा कलला की आतलं सगळं कलतं, आणि सर म्हणणार, “सरळ.” भिंग धुकटलं की थर्मासमधल्या गरम पाण्यात बुडवून पुसायचं आणि परत आत. हत्यार कुठं जाणार ते आधी ओळखून आपण तिथं पोचायचं. पोटात पाऱ्याच्या बारा ते पंधरा मिलिमीटर दाबानं कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. हाच वायू का, तर तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. ऑपरेशननंतर खांदा का दुखतो, असं तुम्ही मला विचारता ना, ते याच वायूमुळं. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यासारख्या स्नायूखाली तो साठतो आणि तिथल्या नसेची दुखण्याची खबर खांद्यात पोचते. दोन-तीन दिवसांत थांबतं.

कॅमेरा धरता धरता मी जे शिकले ते म्हणजे बघणं. गर्भपिशवीची मोठी रक्तवाहिनी आणि तिच्याखालून जाणारी, मूत्रपिंडातून लघवी मूत्राशयात नेणारी मूत्रवाहिनी (युरेटर) यांची गाठ पिशवीच्या मुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवर पडते. आम्हाला पहिल्या वर्षी घोकायला लावतात, पुलाखालून पाणी. रक्तवाहिनी हा पूल, मूत्रवाहिनी हे पाणी. ती रक्तवाहिनी आधी बंद करून मग कापायची असते आणि खालच्या पाण्याला धक्का लावायचा नसतो. सर तिथं पोचले की थांबायचे. “युरेटर दाखव.” मी कॅमेरा जवळ न्यायचे. पातळ पापुद्र्याखाली एक फिकट पट्टी, रक्तवाहिनीसारखीच दिसणारी. सगळी ओटी गप्प, नुसता मॉनिटरचा टिकटिक आवाज. मग ती पट्टी आक्रसायची, वरून खाली एक लाट सरकत जायची, गांडूळ चालल्यासारखी. रक्तवाहिनी ठोके देते, मूत्रवाहिनी अशी सरपटते. ती सरपटताना दिसल्याशिवाय सर पुढं जायचे नाहीत, मग पाच मिनिटं जावोत की दहा. मी आजही जात नाही.

आता काकूंचा प्रश्न, पहिली बाई कोण. खरं उत्तर असं की एकच बाई नव्हती. अमेरिकेत हॅरी राइश यांनी १९८८ साली दुर्बिणीनं पहिली गर्भपिशवी काढली, तेव्हा त्यांना शिकवायला कुणी नव्हतं. आम्हाला होतं. ऑपरेशनचे टप्पे पाडलेले असतात, आणि नवख्याला एका वेळी एक टप्पा मिळतो. एका बाईच्या पोटावरचं भोक शिवलं. पुढं कुणाचा तरी एक गोल बंध, पिशवीला बाजूनं धरून ठेवणारा, कापला. काही महिन्यांनी मूत्राशय पिशवीवरून खाली सरकवलं. प्रत्येक वेळी सर समोर, त्यांचा हात माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. अख्खं ऑपरेशन पहिल्यापासून शेवटपर्यंत मी केलं तोवर त्याचा प्रत्येक तुकडा कितीतरी वेळा होऊन गेला होता. म्हणजे हो, आम्ही बायकांवरच शिकलो. त्या सगळ्यांचं माझ्यावर ऋण आहे, आणि ते लपवून मला तुमच्यासमोर बसता येत नाही.

एक प्रसंग सांगते. मी स्वतंत्रपणे करू लागल्यावरची ती दुसऱ्या वर्षातली पेशंट. आधीची दोन सिझेरियन, मूत्राशय पिशवीला घट्ट चिकटलेलं. मी तासभर सोडवत राहिले. रक्त फार नव्हतं, पण थर दिसेनात. हातातली कात्री कशाच्या बाजूला आहे हे मला छातीठोकपणे सांगता येईना. मी पोट उघडलं. दुसऱ्या दिवशी राउंडला ती म्हणाली, “मॅडम, दुर्बिणीनं म्हणाला होतात.” मी खुर्ची ओढून बसले, का उघडलं ते सांगितलं. तिला वाईट वाटलंच, टाका दुखत होता, घरी जायला चार दिवस जास्त लागले. पण मूत्राशय शाबूत होतं. ऑपरेशनआधी ही शक्यता मी तिला ओझरती सांगितली होती, नीट बसून नाही. चूक तिथं होती. तेव्हापासून संमतीपत्रावर सही घेण्याआधी मी पोट उघडण्याबद्दल सगळ्यात आधी बोलते.

दोन दिवसांची कार्यशाळा करून, प्रमाणपत्र भिंतीला लावून कुणी ही ऑपरेशनं सुरू केली की मला राग येतो. तसाच राग लहान टाक्यांचं आमिष दाखवून पिशव्या काढण्याचा येतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. भोकं लहान आहेत म्हणून ऑपरेशनचं कारणही लहान चालेल, असं होत नाही. आणि काही ठिकाणी दुर्बीण बाजूलाच ठेवावी लागते. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात दोन्ही पद्धती ताडून पाहणारा मोठा अभ्यास २०१८ साली छापून आला. साडेचार वर्षांनी पोट उघडून केलेल्या ९६.५ टक्के बायका आजारमुक्त होत्या, दुर्बिणीवाल्या ८६ टक्के. तोवर आम्ही बहुतेक जण दोन्ही पद्धती सारख्याच समजत होतो. त्या आजारात आता मी पोट उघडूनच करा म्हणते.

काकूंना मी यातलं बरंचसं सांगितलं. मग त्यांनी माझ्या मागं उभ्या असलेल्या निवासी डॉक्टर मुलीकडं बोट दाखवलं. “ही काय करणार?”

“कॅमेरा धरेल. आणि तुम्ही हो म्हणालात तर शेवटचा एक टाका घालेल, मी शेजारी असेन.”

काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, “त्या दिवशी सकाळी जेवून ये गं पोरी. हात थरथरायला नको.”