चप्पल कुठं निसटली?

मंडईतून घरी आलो तर डाव्या पायात चप्पलच नव्हती. कुठं निसटली, पत्ता नाही. बायको आधी हसली, मग गप्प झाली.

डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवला. अंगठ्याला काहीच कळलं नाही. शुगरनं पायाच्या नसा बधिर झाल्यात, म्हणाले. 14 वर्षांची शुगर, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 9.2, रक्तातली वाढलेली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड्स, वर माझी सिगारेट. उंच माणसांना या त्रासाचा धोका जास्त, हेही तिथंच कळलं. पायापर्यंतच्या नसा लांब ना! (सहा फुटांचा केवढा तोरा होता मला.) वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेतल्यानं बी12 जीवनसत्त्व घटू शकतं, त्यानंही मुंग्या येतात, म्हणून तीही तपासणी लिहून दिली.

सिगारेटचं पाकीट बायकोनं काढून घेतलंय. रात्री ती टॉर्च धरते, मी तळवे बघतो.