फोन उलटा ठेव

महिना उलटून गेला, तरी तो मुलगा मला काय सांगणार होता हे मला माहीत नाही. ते कळू नये म्हणून धडपडले मीच, आणि आता डोक्यातून जात नाही तेही तेच.

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका राज्य विद्यापीठात मी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात काम करते. मूळची साताऱ्याची. २००४ साली इथे शिकायला आले तेव्हा मीही एफ-वन व्हिसावरच, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावरच, होते. आता माझं पद डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळायला विद्यापीठाने नेमलेली अधिकारी. पगार विद्यापीठाचा, पण काम अर्धं सरकारचं, म्हणूनच या जागेला अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. सेव्हिस नावाच्या सरकारी यंत्रणेत प्रत्येक एफ-वन विद्यार्थ्याची नोंद असते. तो सत्रात किती क्रेडिट घेतोय, म्हणजे अभ्यासाचा किती भार उचलतोय, कुठे राहतो, कुठे काम करतो, हे मी तिथे भरते. त्याने व्हिसाची अट मोडल्याचं मला कळलं, तर २१ दिवसांच्या आत तेही कळवायचं. ‘कळलं तर’ हे दोन शब्द पुढे महत्त्वाचे आहेत.

गाव लहान, थंडी लांब. नोव्हेंबर ते मार्च इथे पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलशिवाय दुसरा विषय नसतो. पहिल्या श्रेणीत देशभरात साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. त्यातले ६८ मार्चमधल्या बाद फेरीच्या स्पर्धेला जातात. आमचा संघ तिथे क्वचितच पोचतो. तरी हार्डवेअरच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत संघाचं वेळापत्रक भिंतीवर असतंच. यंदाचा, म्हणजे २०२५-२६ चा, हंगाम ३ नोव्हेंबरला सुरू होतो. पहिल्या सामन्याच्या आधीच्या ४२ दिवसांत सरावाचे ३० दिवस, असा नियम आहे. ३ नोव्हेंबरपासून ४२ दिवस मागे गेलं की २२ सप्टेंबर येतो. यंदा त्याच दिवशी घटस्थापना होती.

पहाटे उठून घट बसवला, परडीतल्या मातीत गहू पेरले आणि कार्यालय गाठलं. नवरात्राची शांतता त्या दिवशी कोणाच्याच वाट्याला येणार नव्हती. आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली होती. शनिवार-रविवार आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर झोप कोणालाच नव्हती. कोणाची बायको पुण्यात अडकली, कोणी मुंबई विमानतळावरून माघारी फिरावं की नाही हे विचारत होतं. आमचं कार्यालय परदेशी प्राध्यापकांचे अर्जही बघतं. त्यामुळे सोमवारी सकाळी आठला फोनचा दिवा लुकलुकत होता आणि दाराबाहेर चौघे उभे होते. त्यातला एक उभा राहिला की दाराची चौकट भरायची.

तो सेनेगलचा आहे. नाव लिहीत नाही. उंची सहा फूट दहा इंच, आवाज इतका हळू की पुढे झुकून ऐकावं लागतं. पहिल्या वर्षी विमानतळावरून थेट आमच्याकडेच आला होता, पातळ जॅकेट घालून, जानेवारीत. तेव्हा मी माझ्या नवऱ्याचा मफलर त्याला दिला. तेव्हापासून तो मला ‘ताता’ म्हणतो. फ्रेंचमध्ये आत्या-मावशीला असं लाडाने म्हणतात, हे त्यानेच सांगितलं.

संघात परदेशी मुलगा असणं म्हणजे काय, हे गॅलरीतल्या लोकांना दिसत नाही. एफ-वन विद्यार्थ्याने सत्रात १२ क्रेडिट घ्यायचेच, आणि त्यातले ऑनलाइन फक्त ३ धरले जातात. संघातले बरेच अमेरिकन खेळाडू बहुतेक विषय ऑनलाइन घेतात, कारण सामने आठवड्याच्या मधे असतात आणि बसचा प्रवास आठ-आठ तासांचा. हा मुलगा रात्री दोनला बसमधून उतरतो आणि सकाळी आठला हिशेबशास्त्राच्या वर्गात बसतो. त्याचं वेळापत्रक बसवायला ऑगस्टमध्ये मला तीन दिवस लागले. प्रयोगशाळेची वेळ सरावावर येत होती, म्हणून मी तीन विभागांत स्वतः चालत गेले. त्या वेळापत्रकाचा मला अभिमान आहे. त्याच्या शिष्यवृत्तीतला खोली-जेवणाचा भाग करपात्र धरला जातो आणि त्यावर १४ टक्के कापले जातात. बाजूच्या खोलीतल्या अमेरिकन खेळाडूचे तसे कापत नाहीत. म्हणजे सत्राच्या सुरुवातीला सगळ्या संघात देणं फक्त याच्या खात्यावर.

आणि आता पैसा आलाय. १ जुलै २०२१ पर्यंत कॉलेजच्या खेळाडूला आपल्या नावावर, चेहऱ्यावर एक डॉलरही कमावता येत नव्हता. त्या दिवसापासून जाहिराती, स्वाक्षऱ्या, शिबिरं सगळं खुलं झालं. यंदा ६ जूनला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंच्या मोबदल्याच्या मोठ्या खटल्यातली तडजोड मंजूर केली, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा एका विद्यापीठाला सर्व खेळ मिळून २ कोटी ५ लाख डॉलर. आमच्याकडे त्याचा छोटासा तुकडा आहे, पण आहे. संघात १५ जण, आणि खेळ विभागाने १५ सारखेच करार छापून ठेवले.

पण एफ-वन विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि बाहेर परवानगीशिवाय अजिबात नाही. नाव-चेहऱ्याचे पैसे म्हणजे काम की नाही? एफ-वनचे नियम लिहिले गेले तेव्हा हा प्रश्नच नव्हता, आणि चार वर्षांत सरकारकडून स्पष्ट लेखी उत्तर आलेलं नाही. वकील ढोबळमानाने सांगतात, की दुकानात त्याच्या नावाचा शर्ट विकला गेला आणि त्याने बोटही हलवलं नाही, तर कदाचित चालेल. त्याने कॅमेऱ्यासमोर उभं राहून ‘या दुकानात या’ म्हटलं, तर ते काम. काम देशाबाहेर केलं तर गोष्ट वेगळी. काँगोचा ऑस्कर चिबवे केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाकडून खेळायचा, त्याने २०२२ च्या ऑगस्टमध्ये संघ बहामाला गेला असताना जाहिरातींचं काम तिथे उरकून घेतलं. सगळ्यांकडे बहामा नसतो.

यात एक गोष्ट सगळ्यात वाईट आहे. क्रेडिट कमी पडले, पत्ता कळवायचा राहिला, अशा चुकांनी व्हिसाचा दर्जा गेला तर अर्ज करून तो परत मागता येतो. विनापरवाना काम केलेलं असेल, तर तो दरवाजा बंद. मग वय १९ असो, अज्ञान असो, कोचने सांगितलेलं असो.

हे मी जूनमध्ये खेळ विभागाला लिहिलं होतं. नव्या पैशाबद्दल खेळाडूंची सभा होती, तिथे मला फक्त दहा मिनिटं द्या, असं. उत्तर आलं नाही. सभा झाली, अमेरिकन-परदेशी सगळे एकाच खोलीत बसले, सगळ्यांना सांगितलं गेलं की गावातल्या दुकानदारांशी ओळखी वाढवा, संधी सोडू नका. नियमपालन बघणारा माणूस प्रामाणिक आहे, खेळाच्या नियमांचं पुस्तक त्याला पाठ आहे. पण त्या पुस्तकाबाहेर देशाचा कायदा असतो हे त्याच्या लक्षातच येत नाही. साहाय्यक कोचबद्दल मला एवढं चांगलं लिहिता येणार नाही. त्यांनी ऑगस्टमध्ये मला फोनवर विचारलं होतं, “तुम्ही लोक नेहमी ‘नाही’च का म्हणता?”

तर तो सोमवार. साडेतीनला त्यांचा पहिला सराव होता. तो सव्वानऊला माझ्यासमोर बसला. गुडघे टेबलाच्या कडेला टेकले होते. खिशातून फोन काढला, काहीतरी शोधलं आणि पडदा माझ्याकडे वळवत म्हणाला,

“ताता, एक विचारायचंय. उन्हाळ्यात ना, गावातल्या…”

“थांब.” माझा आवाज मलाच मोठा वाटला. “फोन उलटा ठेव.”

तो फोन हातात धरून तसाच बसला. मी हात पुढे करून तो पालथा घातला आणि हात त्यावरच राहू दिला. माझी नजर पूर्ण वेळ त्याच्या चेहऱ्यावर होती, पडद्यावर गेली नाही. हे मी तेव्हाही स्वतःला बजावलं आणि आजही शपथेवर सांगेन.

“आधी माझं ऐक,” मी म्हणाले. “मी तुझी वकील नाही. तू मला जे सांगशील ते गुप्त राहणार नाही. काही गोष्टी मला कळल्या तर त्या सरकारला कळवणं मला भाग आहे. तुझ्या मनात असेल ते साधंही असेल, मला माहीत नाही. पण ते आधी वकिलाला सांग.”

“पण मी तुलाच विचारायला आलोय. कोच म्हणाले, कार्यालयात विचार.”

“कळतंय मला.”

“म्हणजे तुला ऐकायचं नाही.”

यावर काय बोलायचं? आमच्या घरी आणि त्याच्याही घरी, पोर अडचण घेऊन आलं तर मोठ्या माणसाने आधी ऐकून घ्यायचं असतं. रागवायचं नंतर. माझं अर्धं काम ऐकण्याचंच आहे. पंधरा वर्षांत मुलांनी या खुर्चीत बसून मला घटस्फोट, गर्भपात, वडिलांचं कर्ज, सगळं सांगितलंय. आणि त्या दिवशी एका मुलाचं वाक्य मी मधेच तोडलं.

मी कागदावर एका इमिग्रेशन वकिलाचा नंबर लिहून दिला. पहिल्या भेटीची फी ते घेत नाहीत. त्याच्यादेखत फोन लावला, गुरुवारची वेळ घेतली, आणि सांगितलं की तोवर कशावरही सही करू नकोस, कोणाकडून काही घेऊ नकोस, साधा बर्गरसुद्धा. त्याने फोन खिशात टाकला. जाताना दाराची चौकट डोक्याला लागू नये म्हणून तो नेहमी वाकतो. त्या दिवशी वाकला तो तसाच खाली बघत बाहेर पडला.

संध्याकाळी साहाय्यक कोचचा फोन आलाच. मुलगा सरावात कुठे हरवला होता, तुम्ही त्याला काय सांगितलंत? मी म्हटलं, जूनमध्ये जे तुम्हाला सांगणार होते, ते. तेवढं बोलून ठेवून दिला. असं बोलायला नको होतं, कारण यात कोचचं नुकसान काहीच नव्हतं.

एवढी घाबरले का, हे ज्यांनी हे वर्ष या खुर्चीत काढलं नाही त्यांना समजावणं कठीण आहे. मार्चअखेर ते एप्रिल या काळात हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी सरकारने परस्पर बंद केल्या. आम्हाला पत्र नाही, फोन नाही. सकाळी यंत्रणा उघडून एकेक नाव तपासायचं आणि कोणाचं गेलंय ते बघायचं. मुलं न्यायालयात गेली, महिनाअखेरीस नोंदी परत सुरू होऊ लागल्या. ५ एप्रिलला दक्षिण सुदानच्या सगळ्या पासपोर्टधारकांचे व्हिसा रद्द झाल्याची घोषणा झाली. त्याच रात्री ड्यूक विद्यापीठाच्या संघातला सात फुटांपेक्षा उंच खामान मलुआच, जन्माने दक्षिण सुदानचा, राष्ट्रीय उपांत्य सामन्यात खेळत होता. देशभरातल्या आमच्यासारख्या कार्यालयांनी तो सामना वेगळ्याच नजरेने पाहिला. अशा वर्षात माझ्या हातून एका मुलाची नोंद बंद होणं मला सोसलं नसतं. हे खरं कारण. पण ते त्याच्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे मला अजून नीट वेगळं करता येत नाही.

२००४ साली आमच्या वेळची मुलं पेट्रोलपंपावर, मोटेलात रोखीने काम करायची. भाडं भरायला दुसरा मार्ग नसायचा. कोण कुठे जातं हे सगळ्यांना माहीत असायचं आणि कोणी कोणाला विचारायचं नाही. तेव्हा मला ती माणुसकी वाटायची. आता मी सरकारी यंत्रणेचा पासवर्ड असलेल्या बाजूला बसून तेच केलं. एका सहकारी बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, तू नियमात बसतेस, झोप. दुसऱ्या विद्यापीठातला एक मित्र म्हणाला, हे मुद्दाम डोळे झाकणं आहे, तुला अंदाज होताच. अंदाज होता. अंदाजाचा रकाना यंत्रणेत नाही.

गावाचाही मला राग येतो, आणि तो राग धड टिकत नाही. ही माणसं त्या मुलावर मनापासून प्रेम करतात. न्हाव्याने त्याचे पैसे घेणं बंद केलंय. थँक्सगिव्हिंगला त्याला घरी न्यायला तीन कुटुंबं भांडतात. एखाद्याने दोन जोड बूट देऊन ‘एक फोटो टाक रे’ म्हटलं असेल, तर त्यात त्याला वावगं काय दिसणार?

वकिलाकडे तो गेला एवढं मला कळलं, कारण वकिलांनी तो आला होता इतकंच कळवलं. त्यापुढे मी विचारलं नाही. विद्यापीठाचा करार त्याने सही न करता परत दिला. बाकी १४ जणांच्या खात्यात पैसे यायला लागलेत.

गेल्या आठवड्यात, दिवाळीच्या तोंडावर, हंगामाचं मोठं पोस्टर आमच्या मजल्यावर लागलं. पंधरा जण, आणि मधोमध तो, कारण सगळ्यात उंच तोच. त्याखाली तिकीटविक्रीचा पत्ता. मी रोज सकाळी त्याच्यासमोरून माझ्या खोलीत जाते.

तो स्वतः आलेला नाही. पूर्वी आठवड्यातून एकदा तरी डोकवायचा, काही काम नसलं तरी. परवा मेल आला. एक विषय वसंत सत्रात ऑनलाइन होतोय, आधीचा एक ऑनलाइन आहेच, दोन्ही चालतील का, असं विचारलं होतं. सुरुवातीला लिहिलं होतं, ‘आदरणीय मॅडम’.

मी दहा मिनिटांत उत्तर पाठवलं. दोन्ही चालणार नाहीत, दुसरा वर्गातला घे, सकाळी आठच्या तुकडीत अजून चार जागा आहेत.