पंधरवड्याच्या सांध्यातला पाऊण तास

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे हर्णै-आंजर्ल्याच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सहाला. नववीत गणिताच्या सरांनी हाच हिशोब पंधराही तिथींसाठी फळ्यावर मांडून घेतला. पौर्णिमेला सव्वाअकरा आले आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण. रोज पाऊण तास सरकणारी भरती त्या एका दिवसात दीड तास पुढे कशी गेली? एवढं विचारून सरांनी तास संपवला.

उत्तर आम्ही पोरांनीच शोधलं. पंधरा तिथींत भरती १२ तास सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणकी ४५ धरते. तीन-तीन मिनिटं साठत जातात आणि पंधरवड्याच्या सांध्यावर ४५ मिनिटं एकदम बाहेर पडतात. गुणायचं ते खरं चार पंचमांशाने. पण तो पाढा कुणाला पाठ असतो! बाबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "पुनव जवळ आली की आम्ही अर्धा तास वाढवूनच धरतो." वहीतली चूक होडीवर आधीच दुरुस्त झालेली होती. गणित घ्यायचं, हे माझं त्या रात्री ठरलं.

पुढे रत्नागिरीला बी.एस्सी., पुण्याला एम.एस्सी. आणि आता तिथेच पीएच.डी. फूरिए विश्लेषण, म्हणजे गुंतागुंतीची लाट साध्या लाटांत फोडण्याचं गणित, शिकताना भरती पुन्हा भेटली. चंद्राची लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची १२ तासांची; दोन्ही जुळल्या की उधाण, एकमेकींविरुद्ध गेल्या की भांग, म्हणजे सौम्य भरती. अशा अनेक लाटांची बेरीज तंतोतंत स्वतःवर परत येत नाही, पण हवी तितकी जवळ येत राहते. अशा फलनांचा (फंक्शन्सचा) सिद्धान्त हाराल्ड बोर यांनी १९२०च्या दशकात मांडला. (हे नील्स बोर यांचे धाकटे भाऊ, १९०८च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्ककडून फुटबॉल खेळलेले.) माझं काम त्याच विषयात आहे.

शेजारच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, हे आपण प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकलं. त्याचा अभिमान आहेच. पण मला घडवलं ते सरांनी उत्तर न देता सोडलेल्या प्रश्नाने.

गणपतीत मी गावी असते. नववी-दहावीतल्या कुणाला हा हिशोब पुढे न्यायचा असेल, तर पंचांग आणि वही घेऊन घरी यावं.