थोरला पोटात होता तेव्हा

माझ्या सासऱ्यांना विसरायला होऊ लागले, तेव्हा आम्ही त्यांना ज्या डॉक्टरांकडे नेले, त्यांनी तपासणी आटोपून हात धुता धुता एवढेच सांगितले, “वय झालं आहे आता.” आम्हीही ते मान्य करून घरी आलो. वर्षभराने दुसऱ्या ठिकाणी रक्त तपासले तेव्हा ब-१२ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता निघाली. उपचारांनी ते पुष्कळ सावरले, पण मधले वर्ष हातचे गेले. ‘वय झालं’ हे दोन शब्द मी तेव्हापासून विसरू शकलेले नाही, आणि त्यांच्याच पाठीमागे लागून वयाच्या ४१व्या वर्षी मी वार्धक्यशास्त्राच्या पदव्युत्तर पदविकेला प्रवेश घेतला.

या शास्त्राला ‘जेरोन्टॉलॉजी’ हे नाव १९०३ मध्ये एली मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञाने दिले. वृद्धांच्या आजारांवर उपचार करणारी जराचिकित्सा वेगळी, आणि माणूस म्हातारा होतो म्हणजे त्याच्या शरीराचे, मनाचे, घरातील स्थानाचे आणि पैशाअडक्याचे काय होते, हे पाहणारे वार्धक्यशास्त्र वेगळे, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले. वाढत्या वयाने होणारे बदल कोणते आणि वयाच्या नावाखाली दडून राहिलेला आजार कोणता, हा भेदही त्याच आठवड्यात शिकले. तो तास संपल्यावर मी बराच वेळ वर्गातच बसून राहिले होते.

पेशी, सिद्धांत, धोरणे, कायदे हे सारे पुढे शिकवले गेले आणि त्यातले बरेचसे मला आवडलेही. मात्र या अभ्यासाने मला खरोखर दिले ते प्रश्न विचारण्याचे शिक्षण. म्हाताऱ्या माणसाला काय विचारायचे, कसे विचारायचे आणि आलेले उत्तर कुठल्या घरातून आले आहे हे कसे ओळखायचे, हे मी सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातल्या एका डोंगरकपारीच्या गावात शिकले. २०१९च्या जानेवारीत आमचे क्षेत्रकार्य तिथे होते. गावातले कर्ते पुरुष बहुतेक मुंबईला, कोणी माथाडी कामगार, कोणी आणखी कशात. मागे राहिलेल्या घरांत म्हातारी माणसे आणि काही ठिकाणी नातवंडे, असे चित्र होते.

प्रश्नावलीतला पहिलाच रकाना वयाचा होता, आणि तिथेच आम्ही अडलो. आपल्याकडे जनगणनेत वयांचे आकडे शून्यावर आणि पाचावर गोळा होतात, साठ, पासष्ट, सत्तर असे ढीग पडतात, हे वर्गात शिकलो होतो, पण तो ढीग डोळ्यांसमोर तयार होताना पाहणे निराळे. “असंल साठ-पासष्ट,” असे म्हणून लोक आमच्याकडेच पाहत. शाळेत गेलेल्या पुरुषांच्या दाखल्यांवर एकामागून एक १ जून हीच जन्मतारीख दिसत होती, कारण नाव घालताना गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख धरून वय बसवून टाकले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांच्या आधार कार्डांवर १ जानेवारी होती. कार्ड काढताना कोणीतरी चेहरा पाहून वर्ष सांगितले आणि तेच कायम झाले.

यावर उपाय म्हणून आमच्या बाईंनी आम्हाला घटनांची दिनदर्शिका करायला लावली होती. माणसाला तारीख आठवत नसली, तरी आपल्या आयुष्यातले प्रसंग गावाच्या मोठ्या घटनांशी बांधलेले आठवतात. आमच्या यादीत गांधीहत्येनंतर घरे जाळली गेली ते १९४८चे जळीत होते, ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप होता आणि १९७२चा दुष्काळ होता. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षे आणि त्यापुढच्या ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची देशभर जी मोठी पाहणी केली, तिच्यात मुठीची पकड आणि चालण्याचा वेगही मोजला गेला. पण वयच चुकीचे धरले, तर अमुक वयाला एवढी पकड पुरेशी की कमी, हे सांगण्याला काही आधार उरत नाही.

गावाच्या वरच्या अंगाला राहणारी एक आजी तांदूळ निवडत बसली होती. तिच्या कार्डावर जन्मवर्ष १९५७ होते. मी भूकंपाविषयी विचारले, तसे तिने सूप बाजूला ठेवले. “थोरला पोटात हुता बघ. सा महिनं झालं हुतं. पहाटंचं घर हाललं, तशी मी पोटाला धरून उंबऱ्याभाईर आले.” माझा हात लिहिता लिहिता थांबला. कार्डावरचे वर्ष खरे मानले, तर त्या पहाटे ती १० वर्षांची ठरत होती. मग मी मागे मागे जात विचारत राहिले. लग्न भूकंपाच्या आधी दोन वर्षे झालेले. जन्म कधीचा, हे तिची आई तिला सांगत असे: “जळीत झालं त्या सालच्या आखाडातली.” म्हणजे १९४८चा आषाढ. ती ७० वर्षांची होती आणि कागदावर ६२ची.

या ८ वर्षांची किंमत तिने मोजली होती. ‘श्रावणबाळ’ योजनेच्या निवृत्तिवेतनाला ६५ पूर्ण लागतात, म्हणून तिचा अर्ज एका कार्यालयातून परत आला होता. तिथे तिला कोणी थोरल्या मुलाचे वय विचारले नाही, याचा मला आजही राग येतो. केव्हा जन्मलात, हा प्रश्न तिला निरुत्तर करणारा होता. थोरला केव्हा झाला, याचे उत्तर तिला तोंडपाठ होते.

त्याच घरात आमच्या दुसऱ्या साधनाचीही परीक्षा झाली. उठून, ३ मीटर चालून, वळून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, ही १९९१ साली मांडलेली चाचणी पडण्याचा धोका अजमावायला वापरतात; पण ती सुरू होते हातांच्या खुर्चीपासून, जिची बैठक सुमारे ४६ सेंटिमीटर उंच असावी लागते. आजीच्या घरात खुर्ची नव्हती. शेजारून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तिच्यावर ती अवघडून टेकली आणि १२ सेकंदांच्या आत परत येऊन बसली. कागदावर सारे ठीक ठरले. नंतर चहा ठेवायला ती जमिनीवरून उठली, तेव्हा तिने डावा तळवा भुईला लावला, गुडघा वळवून शरीर तिरके केले, उजव्या हाताने मेढ, म्हणजे घराचा लाकडी खांब, पकडली आणि क्षणभर तशीच अर्धी उठलेली थांबली. त्या मेढीवर साधारण मांडीच्या उंचीला वीतभर लाकूड हाताने घासून गुळगुळीत आणि काळेभोर झाले होते. तिला दिवसातून वीस वेळा जे करावे लागत होते, ते आमच्या चाचणीत कुठेच नव्हते.

घरकाम, पैसे, खरेदी, फोन अशी कामे विचारणारी लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ची मोजपट्टीही आम्ही नेली होती. तिच्या मूळ रूपात स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणे या बाबी पुरुषांना विचारल्या जात नसत. जे काम कधी हाती आलेच नाही त्यावरून माणसाला जोखू नये, हा विचार पुरुषांपुरताच झाला. आजीने जन्मात पैशांचा व्यवहार केला नव्हता, कारण तो तिच्या हाती कधी दिलाच गेला नव्हता, तरी मोजपट्टी तिला त्या कामात परावलंबी ठरवत होती. करता येत नाही आणि कधी करू दिले नाही, या दोन्हींसाठी कागदावर एकच चौकट होती. मी समासात लिहीत गेले.

निघण्याआधी थोरल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला पाहायला मिळाला. पत्र्याच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला. त्याच्यावरही तारीख १ जूनच होती, पण साल १९६८ होते आणि ते भूकंपाशी जुळत होते. नव्या अर्जाला जोडण्यासाठी त्याची प्रत काढायला आजीच्या पुतण्याने तो नेला. मी प्रश्नावलीतले ६२ खोडून तिथे ७० लिहिले आणि शेजारी पुराव्याच्या रकान्यात नोंद केली: कोयना भूकंपाच्या वेळी गरोदर, सहावा महिना.